निरंक आणि कोरडं

आमच्या वाचनालयाच्या मागच्या आवारात एक पर्जन्यमापक आहे. गुडघ्याएवढं हिरवं नळकांडं, वर पितळी कडा, आत नरसाळं आणि बाटली. एकतीस वर्षं रोज सकाळी साडेआठला मी ती बाटली मोजपात्रात ओतत आलो. जो आकडा येईल तो आधी वहीत लिहायचा आणि मग दाराशेजारच्या फळ्यावर. ग्रंथपालाच्या कामात हे धरलेलं नव्हतं. शेती खात्याने नळकांडं बसवलं तेव्हा रोज वेळेवर हजर असणारा माणूस त्यांना हवा होता, आणि माझ्याबद्दल सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट तेवढीच होती. निवृत्त झालो तरी ते काम सोडलं नाही. लोक मला मिलिमीटर म्हणतात. तोंडावरसुद्धा.

पाऊस घटत चाललाय हे कळायला माझ्या वहीची गरज नव्हती. तलावाच्या कडेला पूर्वी पाण्याखाली असलेला दगडी बांध आता सहा-सहा महिने उघडा असतो. गवत कमी म्हणून गुरं कमी, आणि वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला येणारे चेहरेही कमी, कारण तरुण घरं कामासाठी दुसरीकडे गेली. पण किती घटलाय, हे मात्र वहीतूनच कळणार होतं आणि यंदा सगळं त्यावर येऊन ठेपलं होतं. आमच्याकडे संत्र्याच्या बागा आहेत आणि त्या सगळ्या एकाच तलावावर जगतात. बागायतदार संघाने शेती खात्याला विचारलं, तलाव किती झाडं पोसू शकेल? खात्यातून एक तरुण मॅडम आल्या. त्यांनी माझ्या एकतीस वह्या तीन आठवडे बसून उतरवून घेतल्या आणि हिशेब मांडला. सुरुवातीच्या दहा वर्षांची सरासरी सहाशे दहा मिलिमीटर. शेवटच्या दहा वर्षांची चारशे दोन. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सरासरी चारशे वीसच्या खाली असेल तर निम्मी झाडं काढावी लागतील, नाहीतर सगळीच वाळतील. चारशे वीसच्या वर असेल तर तिसरा हिस्सा काढून भागेल. काढलेल्या जागी बाजरी.

चारशे दोन. म्हणजे निम्मी. गुरुवारी संघाची बैठक होती आणि शनिवारी झाडं उपटणारं यंत्र येणार होतं.

मी लग्न केलं नाही. विचारायचं राहून गेलं, आणि मग सगळ्यांनी मी विचारीन ही आशा सोडली. मोठ्या बहिणीकडे राहतो, तिच्या मुलाच्या बागेत, पुस्तकांनी भरलेल्या एका खोलीत. भाच्याची दोनशे चाळीस झाडं आहेत, वीस-वीसच्या बारा ओळी. निम्मी काढायची म्हणजे खालच्या अंगाच्या सहा ओळी. त्यातली पाचवी आणि सहावी ताईने आणि तिच्या नवऱ्याने भाचा जन्मला त्या वर्षी लावलेली. ताईचा नवरा आता नाही. आकडा कळल्यापासून ती रोज संध्याकाळी पाचव्या ओळीपर्यंत चालत जाऊन यायला लागली. पूर्वी फाटकापर्यंत जायची.

मंगळवारी मॅडम अहवालासाठी पर्जन्यमापकाचा फोटो काढायला आल्या. मी नळकांड्याची पितळी कडा पुसून ठेवली होती. त्या फोन धरून एक-एक पाऊल मागे सरकत होत्या.

"काका, झाड मध्ये येतंय हो."

"मग इकडून घ्या."

"इकडूनही येतंय. कुठूनही उभं राहिलं तरी येतंयच. राहू दे, छान झाड आहे." त्यांनी झाडासकट फोटो काढला, मनापासून आभार मानले आणि घाईत निघून गेल्या.

मी तिथेच उभा राहिलो. ते झाड मी लावलं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी, वाचायला येणाऱ्यांना बाहेर सावलीत बसता यावं म्हणून. तेव्हा ते छडीएवढं होतं. आता वाचनालयाच्या छपराच्या कितीतरी वर गेलं होतं. खात्याच्या पुस्तिकेत चौथ्या पानावर लिहिलंय की कोणतंही झाड किंवा इमारत मापकापासून आपल्या उंचीच्या निदान दुप्पट लांब असावी. नाहीतर वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस अडतो आणि नळकांड्यात कमी पडतो. त्या पुस्तिकेला खाकी कव्हर मी स्वतः घातलंय. चौथं पान मला पाठ आहे. नळकांड्यापासून बुंध्यापर्यंत मी पावलं मोजली. सात भरली.

एकतीस वर्षं पुस्तिका वाचली आणि झाड वाचलं नाही.

दुपारी ताटावर बसलो, आणि भाकरीचे नुसते तुकडे करत राहिलो. ताईने दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा विचारलंच.

"काय झालंय? तोंड का उतरलंय?"

"ताई, झाड."

"कुठलं झाड?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण हात थांबला नव्हता, शेंगा सोलत होती.

"म्हणजे पाऊस पडत होता आणि तू म्हणत होतास पडला नाही?"

"पडला त्यापेक्षा थोडा कमी पडला म्हणत होतो. किती कमी, ते माहीत नाही."

"आणि हे तुला आज दिसलं?"

"रोज बघत होतो ना. रोज बघितलं की वाढ कळत नाही."

"माझ्या गुडघ्यांचं तसंच झालं," ती म्हणाली. मग शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "मग सांग की परवा बैठकीत."

तेवढ्यात भाचा आत आला. त्याची बोटं चुन्याने पांढरी झाली होती. काढायच्या झाडांना तो सकाळपासून चुन्याचे पट्टे मारत होता. "सहावी ओळ झाली," तो म्हणाला, ताईकडे न बघता. मी त्यालाही सांगितलं. तो बराच वेळ हात धूत राहिला.

"मामा, हे बैठकीत बोलू नकोस."

"का रे?"

"कुणालाच झाडं काढायची नाहीयेत. मलाही नाही. सगळे एका निमित्ताची वाट बघताहेत. तू उठून म्हणालास की आकडा चुकीचा असेल, की झालं. एकही झाड निघणार नाही. आणि पुढच्या उन्हाळ्यात दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस वाळतील. पाऊस कमी झालाय हे तर खरंच आहे ना?"

"खरं आहे. असं वाटतं."

"वाटतं?"

"आता मला कशाचीच खात्री नाही."

त्याचं चुकत नव्हतं. तेच तर अवघड होतं. मी बोललो तर बागा जाऊ शकत होत्या. गप्प राहिलो तर पाचवी आणि सहावी ओळ कदाचित उगाच जाणार होती, माझ्या झाडाच्या सावलीपायी. मी ताईकडे बघितलं. लहानपणापासून मी असंच करत आलोय.

"चुकीच्या आकड्यावर माझी झाडं काढायची नाहीत," ती म्हणाली, "आणि भलत्या आशेवर ठेवायचीही नाहीत. खरं काय ते सांगून टाक."

"खरं काय तेच माहीत नाही ना, ताई."

"मग माहीत नाही, असं सांग. त्याला काय एवढं?"

त्याला एवढंच होतं की चाळीस-पन्नास माणसांपुढे उभं राहून बोलायचं होतं. वाचनालयाच्या वार्षिक सभेतसुद्धा मी माझा अहवाल टाईप करून सगळ्यांना वाटत असे, वाचून दाखवावा लागू नये म्हणून.

संघाची बैठक फळं निवडायच्या शेडमध्ये भरते. लोक पालथ्या क्रेटवर बसतात. मॅडमनी भिंतीवर तक्ता लावला होता, त्यावर एक लाल रेघ डावीकडून उजवीकडे खाली उतरत होती. माझी रेघ. अध्यक्ष मतदान घेऊ या म्हणाले तेव्हा मी उठलो. उठताना क्रेट आडवा झाला, आणि त्या आवाजामुळे निदान सगळ्यांनी वळून बघितलं.

मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. झाड, सात पावलं, चौथं पान हे शब्द आले असावेत. शेवटी म्हणालो, "पाऊस घटलाय असं मला अजून वाटतं. पण चारशे दोन हा आकडा माझा आहे, आणि त्याची खात्री मी देऊ शकत नाही. हे मला आधी दिसायला हवं होतं. चूक माझी."

मग भाचा म्हणाला होता तसंच झालं.

"म्हणजे दुष्काळ वहीतच होता म्हणायचा!"

"मिलिमीटर, तुमच्या झाडाला संत्री लागतात का? तीच वाटून टाका!"

हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "मग मतदान कसलं? यंत्राला सांगा येऊ नको." माना डोलायला लागल्या. लोकांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखा आनंद होता आणि तो मला कुठल्याही टोमण्यापेक्षा जास्त लागला. मॅडम उठून काही सांगत होत्या, पण ऐकू येत नव्हतं. भाचा जमिनीकडे बघत होता.

"एक मिनिट गप्प बसा रे सगळे."

दाराशी दूध संकलन केंद्राच्या बाई उभ्या होत्या. त्यांची स्वतःची चाळीस झाडं आहेत म्हणून त्या संघाच्या सभासद. सकाळचं दूध मोजून उशिरा आल्या होत्या. या बाईंची मला भीती वाटते. तिचं कारण बावीस वर्षांपूर्वीचं आहे. एका सकाळी फळ्यावर मी 'निरंक' लिहिलं होतं. पहाटे भुरभुर झाली होती, पण बाटलीच्या तळाशी फक्त ओल होती, मोजपात्रात भरण्याइतकं काही नव्हतं, आणि पुस्तिकेप्रमाणे अशा दिवशी निरंक लिहायचं असतं. त्याच भुरभुरीत बाहेर ठेवलेली बाईंची पेंडीची पोती भिजली होती. त्या ओलं पोतं हातात घेऊनच वाचनालयात शिरल्या आणि म्हणाल्या, "हे निरंक कुणाच्या घरचं? पिळून दाखवू का?" मी पुस्तकात तोंड घालून काहीतरी पुटपुटलो. तेव्हापासून दूध आणायला ताईच जाते.

"बसा मिलिमीटर," त्या म्हणाल्या. मी बसलो. क्रेट आडवाच होता हे विसरून. "माझ्याकडे पावसाचे आकडे आहेत. बावीस वर्षांचे."

"तुमच्याकडे? कसे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"यांची चूक पकडायची होती म्हणून." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "पोती भिजली आणि हे म्हणे निरंक. मी म्हटलं, हा माणूस आत बसून मनानं आकडे लिहितो. केंद्राच्या मागच्या आवारात, मोकळ्यात, दूध पावडरचा एक उभा डबा खांबावर बांधला. रोज सकाळी दुधाची फॅट मोजून झाली की आत स्टीलची पट्टी घालायची आणि कॅलेंडरवर लिहायचं. येता-जाता यांचा फळा बघायचा. म्हटलं, एकदा सापडू दे!"

"मग सापडला का?"

"कुठला! मेला एक आकडा चुकेना." शेड हसली, पण या वेळी वेगळं हसली. "तोवर सवय लागली होती. डबा गंजला की तसाच दुसरा. अलीकडच्या काही वर्षांत माझा आकडा यांच्यापेक्षा जास्त यायला लागला. मला वाटलं, माझीच पट्टी बिघडली. नवी पट्टी आणली, तरी तेच. म्हटलं मापक सरकारी, चूक आपलीच असणार. कुणाला बोलले नाही."

"कॅलेंडरं कुठायत?" मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"मी काही टाकत नाही, बाई. चला."

बैठक शनिवारवर गेली, यंत्र पुढच्या आठवड्यावर. केंद्राच्या मागच्या खोलीत, दुधाच्या रिकाम्या कॅनच्या मध्ये, मॅडम, बाई आणि मी दोन दिवस बसलो. बाई वाचायच्या, मॅडम लिहायच्या, मी माझी वही ताडून बघायचो. कॅलेंडरच्या प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात आकडा होता, आणि पाऊस नसेल त्या दिवशी एकच शब्द, 'कोरडं'. माझ्याकडे निरंक, त्यांच्याकडे कोरडं. अशी पानांमागून पानं, वर्षांमागून वर्षं. भुरभुरीच्या दिवशी त्यांनी लिहिलं होतं, 'कोरडं, पण ओलं'. मॅडमना हसू आवरेना. मला वाटून गेलं की पुस्तिकेत हा शब्द हवा होता.

पहिली नऊ वर्षं दोन्ही आकडे जवळजवळ एकच होते. अख्ख्या वर्षात दहा-बारा मिलिमीटरचा फरक. मग ते हळूहळू एकमेकांपासून सुटत गेले. आधी पंधरा, मग चाळीस, मग सत्तर. माझं झाड किती वाढलं ते मी कधी मोजलं नव्हतं. ते बाईंच्या कॅलेंडरवर मोजलेलं होतं.

शेवटच्या दहा वर्षांची सरासरी मॅडमनी तीनदा काढली. मग कागद माझ्यापुढे सरकवला. चारशे सत्तेचाळीस.

आधी मला एकदम हलकं वाटलं. मग लगेच लाज वाटली, कारण चारशे सत्तेचाळीस हाही दुष्काळच आहे. सहाशे दहावरून तिथवर येणं म्हणजे दर चार घागरींतली एक घागर कायमची गेली. पाऊस खरोखर घटला होता. माझ्या झाडाने तो फक्त आणखी घटलेला दाखवला.

"म्हणजे तिसरा हिस्सा," मॅडम म्हणाल्या. "निम्मी नाही."

मी बाईंकडे वळलो. दोन दिवस मनात वाक्य जुळवत होतो, ते ऐन वेळी गेलं. "तुमचे आभार कसे मानावेत मला कळत नाही," एवढंच म्हणालो.

"आभार कसले? मी काय तुमच्या प्रेमापोटी मोजत होते? विश्वास नव्हता म्हणून मोजलं."

"त्याचेच आभार मानतोय."

बाई कॅलेंडरं गोळा करायला लागल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही उठून बोलला नसता तर माझी कॅलेंडरं तशीच पडून राहिली असती. मला वाटत होतं, पट्टीच खराब." आणि उठून चहा ठेवायला गेल्या. साखर किती हे त्यांनी विचारलं नाही, तरी बरोबर होती. ताईने कधीतरी सांगितलं असणार.

शनिवारी दोन रेघांचा तक्ता लागला, एक माझी आणि एक बाईंची. दोन्ही खालीच जात होत्या. आता दुष्काळ वहीतच होता असं म्हणायला कुणाला जागा राहिली नाही, कारण दुसरी रेघ माझ्यावर अजिबात विश्वास नसलेल्या माणसाची होती. मतदान झालं. तिसरा हिस्सा. तीन हात सोडून सगळे वर. बाहेर पडताना भाचा माझ्या शेजारून चालत होता. "बरं झालं माझं ऐकलं नाहीस, मामा," तो म्हणाला. मी म्हणालो, "तुझं निम्मं खरं होतं." त्यावर तो म्हणाला, "निम्मं नाही. तिसरा हिस्सा." आणि बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसला.

पुढच्या आठवड्यात यंत्र आलं. चार ओळी गेल्या. ऐंशी झाडं. आवाज खोलीपर्यंत येत होता आणि मी हातात पुस्तक धरून एकही ओळ वाचू शकलो नाही. दुपारी यंत्र चौथ्या ओळीच्या टोकाला थांबलं आणि वळलं. ताई पाचव्या ओळीत उभी होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. उघड्या पडलेल्या मातीकडे बघून ती म्हणाली, "एवढी जागा होती होय इथे." पाचव्या-सहाव्या ओळीतल्या प्रत्येक बुंध्यावर भाच्याने मारलेला चुन्याचा पट्टा तसाच होता. तो फडकं आणि पाण्याची बादली घेऊन आला, तर ताईने त्याला अडवलं.

"पाणी वाया घालवू नकोस. पावसानं जाईल."

वाचनालयाचं झाड मी काढू दिलं नाही. त्याची काही चूक नव्हती, आणि वर्तमानपत्र वाचायला येणारे जे थोडे उरलेत ते त्याच्याच खाली बसतात. खात्याने नळकांडं उचलून केंद्राच्या मागच्या आवारात, बाईंच्या खांबापासून चार पावलांवर बसवलं. आता मी सकाळी साडेआठला तिथे जातो. येताना दूध घेऊन येतो, त्यामुळे ताईच्या गुडघ्यांना आराम. बाई माझी बाटली बघतात, मी त्यांची पट्टी बघतो, आणि दोघं एकमेकांचा आकडा लिहितो. अशी पद्धत त्यांनीच लावली. म्हणाल्या, स्वतःचं स्वतः बघितलं की दिसत नाही.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या डब्यात डोकावलो.

"कोरडं," मी म्हणालो.

त्यांनी माझी बाटली उजेडात धरली, उलटी करून हातावर झटकली, परत धरली.

"निरंक," त्या म्हणाल्या. "आज खरंच निरंक आहे हो. लिहा."

मी लिहिलं. पाचव्या ओळीवरचे पट्टे अजून गेलेले नाहीत.